भरलेले घर, रिकामे मजले : डब्लिनच्या एका जॉर्जियन वास्तूतून दिसणारा आयर्लंडचा घरप्रश्न

आयर्लंडमधील घरटंचाई हा आता केवळ अर्थकारणाचा विषय राहिलेला नाही. २०२५ मध्ये आपत्कालीन निवाऱ्यांत राहणाऱ्यांची संख्या १६,००० च्या पुढे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने भाडेवाढीवरील मर्यादा देशभर लागू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या मध्यवस्तीत दंगल उसळली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना द्यावी लागली आणि ऑगस्टमधील ‘इंडिया डे’चा सोहळा पुढे ढकलावा लागला. या घटनांची कारणे एकपदरी नाहीत. तथापि त्यांच्याभोवतीच्या चर्चेत एक घोषणा पुनःपुन्हा ऐकू येते : ‘आयर्लंड भरला आहे’. बाहेरून आलेल्यांनी घरे व्यापली, म्हणून इथल्यांना घर मिळेना, असा तिचा सरळ अर्थ.

या विधानाची परीक्षा आकड्यांनी करता येते, तशी एका घराच्या भिंतींवरूनही करता येते. डब्लिनच्या उत्तर भागातील हेन्रिएटा स्ट्रीटवरील १४ क्रमांकाचे घर अशा परीक्षेसाठी फार उपयोगी आहे. सरदाराचा महाल, गरिबांची चाळ आणि संग्रहालय अशी तिन्ही रूपे या एकाच वास्तूने पाहिली. एखादे घर किती माणसांना पुरते हे त्याच्या विटा ठरवत नाहीत. मालकी, कर आणि कायदे यांची जी रचना त्या विटांभोवती उभी असते, ती हे ठरवते, असे या वास्तूचा इतिहास सांगतो. आजचा घरप्रश्न समजून घेण्यासाठी हा इतिहास विटा-चुन्यापासूनच वाचावा लागतो.

दिमाखासाठी आखलेले घर

इंग्लंड व आयर्लंडच्या इतिहासात १७१४ ते १८३० हा चार जॉर्ज राजांचा काळ. त्या काळातील नगरवास्तूंना जॉर्जियन हे नाव मिळाले. डब्लिनमध्ये या शैलीचा आरंभ ज्या रस्त्यापासून मानला जातो तो हेन्रिएटा स्ट्रीट, ल्यूक गार्डिनर या सावकाराने १७२० च्या दशकात आखला. १४ क्रमांकाचे घर त्यानेच १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधले, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. १३, १४ आणि १५ अशी तीन घरे एका रांगेत उभारून ती श्रीमंत कुळांना देणे हा त्याचा व्यवहार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो विकासक होता. डौलदार दिसणाऱ्या जॉर्जियन रस्त्यांच्या मुळाशी अशी गुंतवणूक होती, हे विसरता कामा नये.

या घरात प्रथम राहायला आले ते रिचर्ड मोल्सवर्थ आणि त्यांची पत्नी मेरी. मराठी वाचकाला हे आडनाव कोशकारामुळे परिचयाचे. हे मोल्सवर्थ मात्र लष्करी पेशाचे सरदार, पुढे आयर्लंडमधील सैन्याचे सरसेनापती झालेले. डब्लिनमध्ये तेव्हा संसद भरत असे. अधिवेशनाच्या काळात सरदार मंडळी आपल्या जहागिरीवरून शहरात येत आणि मेजवान्या, भेटीगाठी, सोयरिकी यांचा हंगाम सुरू होई. शहरातील घर हे या हंगामाचे रंगपीठ होते आणि त्याची रचनाही त्याच हेतूने केलेली असे.

बाहेरून पाहता अशी घरे साधी वाटतात. समोर विटांची सपाट भिंत, तिच्यात मापात बसवलेल्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्या, आणि सगळा थाट प्रवेशद्वाराभोवती एकवटलेला. या शैलीत पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच असतात आणि वर जावे तशी त्यांची उंची घटत जाते. त्यामागे नुसती सौंदर्यदृष्टी नाही. दिवाणखाने पहिल्या मजल्यावर, खासगी खोल्या त्यावर, नोकरचाकर माळ्यावर किंवा तळघरात अशी प्रतिष्ठेची उतरंड भिंतीवरच मांडलेली असते. तळघरात स्वयंपाकघर, फुटपाथच्या पोटात कोळशाची कोठारे, मागच्या गल्लीत तबेले. पाहुण्यांसाठी प्रशस्त, कोरीव जिना आणि नोकरांसाठी आडबाजूचा अरुंद जिना. एकाच छपराखाली राहणारी दोन जगे शक्यतो एकमेकांसमोर येऊ नयेत, अशी ही योजना.

या योजनेतील एक बाब पुढच्या कथेच्या दृष्टीने निर्णायक आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या खोलीला स्वतःचे दार होते, स्वतःची चूल पेटवता येईल असे अग्निस्थान होते आणि स्वतःच्या मोठ्या खिडक्या होत्या. दार, विस्तव आणि उजेड या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे एक संसार थाटता येतो. मोल्सवर्थ कुटुंबाच्या ऐषारामासाठी केलेली हीच सोय सव्वाशे वर्षांनी वेगळ्याच कामी आली.

महालाची चाळ होताना

१८०० साली ब्रिटन-आयर्लंड एकीकरणाचा कायदा झाला आणि डब्लिनची संसद बरखास्त झाली. हंगामच संपला, तेव्हा हंगामासाठी बांधलेली घरेही निरुपयोगी ठरली. सरदारांनी लंडनची वाट धरली. हेन्रिएटा स्ट्रीटवर वकील आले, कचेऱ्या आल्या. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने अनेक जमीनदार कर्जात बुडाले. त्यांच्या जहागिरी विकण्यासाठी नेमलेले न्यायालय १८५० नंतर याच १४ क्रमांकाच्या घरात बसत असे. ज्या वर्गासाठी हे घर बांधले गेले, त्या वर्गाच्या मालमत्तेचा लिलाव त्याच घरातून व्हावा, हा काळाचा न्याय म्हणायचा. पुढे काही वर्षे तेथे लष्करी पथकाचा मुक्काम होता.

दुष्काळानंतर खेड्यांतून शहराकडे लोंढे लागले होते. १८७० च्या दशकात थॉमस व्हान्स या मालकाने घर विकत घेतले आणि त्याचे १९ बिऱ्हाडांत विभाजन केले. मुख्य जिना काढून टाकला गेला, कारण प्रशस्त जिन्याच्या जागेचे भाडे येत नाही. ती मोकळी उंची मजले घालून भरली की आणखी खोल्या निघतात. दिवाणखान्यांत आडभिंती आल्या. वर्दळ नोकरांच्या जिन्यावरून होऊ लागली. प्रारंभी जिन्याच्या टप्प्यावर शौचालय, नळाचे पाणी, प्रत्येक बिऱ्हाडाला शेगडी अशा सोयी होत्या आणि जाहिरातही ‘प्रतिष्ठित कुटुंबां’साठी होती. पण खोलीगणिक भाडे मिळते आणि दुरुस्तीची सक्ती कोणी करत नाही असे दिसले, की घर कोणत्या दिशेने जाणार हे उघड आहे. १९११ च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसे नोंदली गेली. संपूर्ण रस्त्यावर ८५० हून अधिक.

हे एका घरापुरते नव्हते. त्या वर्षी डब्लिनच्या मध्यवस्तीत सुमारे २६,००० कुटुंबे अशा चाळीवजा घरांत राहत होती आणि त्यांपैकी सुमारे २०,००० कुटुंबांच्या वाट्याला एकच खोली होती. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हेन्रिएटा स्ट्रीटवरील अनेक घरे शहराचे एक माजी महापौर जोसेफ मीड यांच्या ताब्यात होती. जुन्या घरांतील कोरीव जिने व संगमरवरी अग्निस्थाने उपटून विकण्याचा व्यवहारही त्यांच्या नावावर आहे. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरील दोन घरे कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या सरकारी चौकशीत महापालिकेचे काही सदस्य स्वतःच अशा घरांचे मालक असल्याचे नोंदले गेले. नियम करणारे आणि नियम मोडून भाडे घेणारे एकाच सभागृहात बसत होते.

येथे क्षणभर थांबून आजच्या घोषणेकडे पाहू. १९११ साली त्या १४ क्रमांकाच्या घरात दाटीवाटीने राहणारे लोक परदेशातून आले नव्हते. टोप्या बनवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, लाकडाला झिलई देणारे, पुस्तके बांधणारे असे ते कष्टकरी होते. देशाची लोकसंख्याही वाढत नव्हती, दुष्काळ आणि स्थलांतर यांनी ती निम्म्याच्या आसपास आली होती. आजच्या प्रजासत्ताकाच्या भूभागात १८४१ साली ६५ लाखांहून अधिक लोक होते. २०२२ च्या जनगणनेत ही संख्या ५१ लाख ४९ हजार भरली. म्हणजे देश रिता होत असतानाच राजधानीतील घरे ओसंडून वाहत होती. गर्दीला लोकसंख्या हे एकच कारण असते, असे मानणाऱ्याने या विसंगतीचे उत्तर द्यावयास हवे.

एकाच वर्षीची दोन घरे

१४ क्रमांकाच्या घराबरोबर दुसरे एक घर ठेवून पाहिले, की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. किल्डेअरच्या अर्लसाठी रिचर्ड कॅसल्स या वास्तुविशारदाने १७४५ ते १७४८ या काळात शहराच्या दक्षिण भागात एक स्वतंत्र हवेली बांधली. तेही शहरातील निवासगृहच, आणि काळही तोच. आज त्याला लेन्स्टर हाऊस म्हणतात. १८१५ मध्ये ते एका विद्वत्संस्थेने घेतले आणि १९२० च्या दशकात नव्या राष्ट्राची संसद तेथे आली. मालवण तालुक्यातील वराडचे मूळ असलेल्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झाले, ते याच वास्तूतील सभागृहातून.

दोन्ही घरांतील विटा, दगड, चुना, लाकूड यांच्या आयुष्यात मुळात फारसा फरक नव्हता. एकाला सांभाळणारी संस्था लाभली, दुसऱ्याला केवळ भाडे वसूल करणारे मालक मिळाले. दोन्ही घरांच्या दैवगतीतील सारा फरक या एका वाक्यात येतो.

पाडापाडी आणि पश्चात्ताप

स्वातंत्र्यानंतरही गरिबांची या घरांतून सुटका झाली नाही. जून १९६३ मध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीट येथे जुनी घरे कोसळली आणि चौघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुली होत्या. जनक्षोभ झाला आणि शासनयंत्रणा दुसऱ्या टोकाला गेली. दुरुस्ती करता आली असती अशी कित्येक घरेही धोकादायक ठरवून पाडली गेली. रहिवाशांना शहराबाहेर बॅलीमन येथे १५ मजली सात मनोऱ्यांत आणि सभोवतालच्या इमारतींत घरे मिळाली. दुकाने, दवाखाने, वाहतूक या सोयी मात्र मागाहून किंवा अपुऱ्या आल्या. त्या मनोऱ्यांपैकी शेवटचा २०१५ मध्ये जमीनदोस्त झाला. सुमारे दोनशे वर्षांची घरे पाडून उभारलेला पर्याय पन्नास वर्षेही टिकला नाही.

याच दशकात सरकारी वीज मंडळाने फिट्झविल्यम स्ट्रीटवरील १६ जॉर्जियन घरे पाडून तेथे कार्यालय बांधले. ही घरे परकीय सत्तेची खूण आहेत, ती गेली तर दुःख कशाला, असा एक विचारप्रवाह तेव्हा प्रबळ होता. त्याला वसाहतवादाच्या आठवणीची धार होती, म्हणून तो समजण्याजोगाही आहे. परंतु ज्या गवंडी-सुतारांनी ही घरे बांधली, ज्या नक्षीकारांनी गिलाव्यातून फुलेपाने घडवली आणि ज्या गरिबांनी तेथे पिढ्या काढल्या, ते बहुतांशी आयरिशच होते. हा विचार रुजायला वेळ लागला. २००० च्या नियोजन कायद्याने ‘संरक्षित वास्तू’ ही संकल्पना पक्की केली. १४ क्रमांकाच्या घरातील शेवटची कुटुंबे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली होती. डब्लिन नगरपरिषदेने ते घर ताब्यात घेऊन अनेक वर्षांच्या जतनकार्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये संग्रहालय म्हणून खुले केले.

त्या जतनकार्यात एक शहाणपण आहे. घराला पुन्हा १७४८ चा नवा कोरा मुखवटा चढवलेला नाही. चाळीच्या काळातील जिन्याच्या भिंती तांबड्या गेरूच्या आणि कपड्यांना घालायच्या निळीच्या रंगाच्या असत. त्या तशाच ठेवल्या आहेत. जमिनीवर एकावर एक अंथरलेल्या लिनोलियमचे थरही जपले आहेत. सरदाराचा दिवाणखाना आणि मजुराची खोली यांना येथे सारखाच मान आहे.

रिकामा मजला का भरत नाही?

परंतु प्रत्येक जुन्या घराचे संग्रहालय करता येत नाही, आणि करूही नये. आज डब्लिन, लिमरिक, कॉर्क येथील कितीतरी जॉर्जियन घरांच्या तळमजल्यावर दुकान वा कार्यालय असते आणि वरचे मजले बंद असतात. २०२२ च्या जनगणनेत सुट्टीतील घरे वगळता १,६६,७५२ घरे रिकामी आढळली. त्यांपैकी ४८,००० हून अधिक २०१६ मध्येही रिकामीच होती. यातील काही घरे विक्रीस वा दुरुस्तीस काढलेली असतात, हे खरे. उलटपक्षी दुकानावरचा गोदामासारखा पडलेला मजला पुष्कळदा घर म्हणून मोजलाच जात नाही.

हे मजले भरत का नाहीत, याचे उत्तर पुन्हा वास्तुरचनेतच आहे. अशा घरात बहुधा एकच लाकडी जिना असतो. त्याच्या भोवती स्वतंत्र घरे करायची, तर आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणार नाही अशी तजवीज हवी. लाकडी तख्तपोशीतून आवाज जातो, तो अडवायला हवा. तळमजल्यावर दुकानाची दर्शनी बाजू बसवताना वर जाण्याचे वेगळे दार पुष्कळदा नाहीसे झालेले असते. चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिला आतून हवाबंद आवरण लावले, तर ओल कोंडते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. उंच खोलीत आडभिंत घालावी, तर छताच्या कडेची नक्षी तुटते. व्हान्सला यातले काहीच नडले नाही, कारण त्याला कोणी विचारणारे नव्हते. वाईट रूपांतर स्वस्त असते. चांगल्या रूपांतराला पैसा, कौशल्य आणि सबुरी लागते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१५ पासून निवडक शहरांतील जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी करसवलतीची ‘लिव्हिंग सिटी’ योजना आहे. तिला प्रतिसाद मात्र क्षीण राहिला. २०१८ च्या नियमांनी रिकाम्या व्यापारी जागेतून नऊपर्यंत घरे करण्यास स्वतंत्र नियोजन परवानगीची अट शिथिल केली, पण संरक्षित वास्तूंना ती सवलत मर्यादितच लागू होते. रिकाम्या घराच्या दुरुस्तीसाठी ५०,००० युरो आणि मोडकळीस आलेल्या घरासाठी ७०,००० युरोपर्यंत अनुदान मिळते. साध्या घराला ही रक्कम मोठा आधार ठरते. चार मजल्यांच्या जॉर्जियन घराचे छप्पर, जिना आणि अग्निसुरक्षा यांत ती पाहता पाहता संपते.

दुसरी बाजू दंडाची. पडीक मालमत्तेवर बाजारभावाच्या ७ टक्के आकार बसवण्याची तरतूद कायद्यात आहे. तो नगरपरिषदांनी वसूल करायचा आणि वसुली कायम अपुरी. ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात या आकाराऐवजी महसूल खात्याने वसूल करायचा नवा कर जाहीर झाला. दिशा योग्य आहे. ज्याच्या हाती प्राप्तिकर वसूल करणारी यंत्रणा आहे, त्याच्याकडे हे काम जाणे शहाणपणाचे. परंतु केवळ कर वाढवला आणि रूपांतराची वाट तितकीच बिकट ठेवली, तर मालक घर दुरुस्त करण्याऐवजी ते कोसळण्याची वाट पाहील. हा धोका डब्लिनने पूर्वी भोगलेला आहे. अनुदानाचे प्रमाण घराच्या आकाराशी व संरक्षणाच्या दर्जाशी जोडणे, अग्निसुरक्षा, जतन आणि नियोजन यांची संमती एकाच खिडकीवर देणे, आणि चुन्याचे काम जाणणारे कारागीर घडवणे, या तीन गोष्टी करासोबत आल्या तरच तो कर घरे भरील.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. २०३० पर्यंत ३,००,००० नवी घरे, असे सरकारचे लक्ष्य आहे. त्यापुढे काही हजार जुने मजले ते किती? संख्येच्या दृष्टीने आक्षेप खरा आहे. जुनी घरे नव्या बांधकामाला पर्याय ठरू शकत नाहीत. मात्र हे मजले जेथे आहेत तेथे पाणी, सांडपाणी, ट्राम, शाळा, रुग्णालये आधीच आहेत. नव्या वसाहतीला जे पुरवण्यात वर्षे जातात, ते येथे दाराशी आहे. शिवाय मध्यवस्तीतील रिकामा मजला हा रोज दिसणारा पुरावा असतो. तो पाहणाऱ्याला ‘जागा नाही’ हे पटवणे कठीण जाते, आणि तो डोळ्याआड राहिला की दोष शेजारच्या परक्या माणसावर ढकलणे सोपे होते.

आपला संबंध

२०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये ४५,००० हून अधिक भारतीय नागरिक होते. त्यांत रुग्णालयांत, संगणक कंपन्यांत, औषधनिर्मितीत काम करणारी मराठी मंडळीही आहेत. घरभाड्याचा भार त्यांनाही तितकाच जाणवतो आणि टंचाईचा ठपकाही त्यांच्याच माथी येऊ पाहतो. अशा वेळी ‘आम्ही कर भरतो, आम्ही कुशल आहोत’ हे उत्तर अपुरे आहे. ते खरे असले तरी प्रश्नाला भिडत नाही. घरे का नाहीत, याचे उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याला स्वतःची कैफियत मांडत बसावे लागत नाही.

आणि हे उत्तर मांडण्याचे साधन हाताशी आहे. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मतदान करण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. देशात राहणारी कोणत्याही राष्ट्रीयत्वाची प्रौढ व्यक्ती मतदारयादीत नाव नोंदवू शकते. पडीक मालमत्तांची नोंदवही नगरपरिषदच ठेवते, संरक्षित वास्तूंची यादीही तीच करते. त्या वहीत आपल्या रस्त्यावरील रिकामे घर आहे का, नसल्यास का नाही, हे आपल्या नगरसेवकाला लेखी विचारण्याचा अधिकार प्रत्येक रहिवाशाला आहे. १९११ साली १४ क्रमांकात राहणाऱ्या १०० माणसांपैकी बहुतेकांना हा प्रश्न विचारण्याइतका आवाज नव्हता. आपल्याला तो आहे, आणि पुढील स्थानिक निवडणुकीपूर्वी यादीत नाव घालायला पुरेसा अवधीही आहे.